सह्याद्रीची राखीव सदाहरित राने आणि आपल्या कालव्याचे पाणी

परभणी जिल्ह्यातील शेतकऱ्यापुढे बारमाही हिरव्या अरण्यांचा विषय मांडणे प्रथमदर्शनी विसंगत वाटण्याचा संभव आहे. ज्या जिल्ह्यात रान म्हणून काही पाहावयाचे तर जिंतूरच्या डोंगराळ बाजूस जावे लागते, आणि तेथेही उन्हाळ्यात पान न उरणारी विरळ झाडीच दृष्टीस पडते, त्या जिल्ह्यात वर्षावनांची चर्चा कशासाठी, असे कोणी विचारील तर त्याचा प्रश्न अगदीच गैर म्हणता येणार नाही. आपला सारा व्यवहार काळ्या जमिनीशी, कपाशी-तुरीशी, हरभऱ्याशी आणि पाटाच्या पाळीशी. तथापि ही जी पाटाची पाळी, तिच्याच पोटी हा विषय दडलेला आहे, आणि तो उकलून दाखविण्यासाठीच आम्ही आज लेखणी हाती घेतली आहे.

पाथरी, मानवत किंवा परभणी तालुक्यातील कालव्याखालच्या कोणत्याही बागाइतदारास, तुमच्या चारीस येणारे पाणी कोठले, असे विचारले तर तो तत्काळ पैठणचे नाव घेईल. १९६५ साली लालबहादूर शास्त्री यांच्या हस्ते ज्याची कोनशिला बसली आणि १९७६ साली इंदिरा गांधी यांच्या हस्ते ज्याचे उद्घाटन झाले, त्या जायकवाडी धरणाचा नाथसागर हा आपल्या डाव्या कालव्याचा धनी. हा कालवा सुमारे २०८ किलोमीटर लांबीचा आहे. धरणाची एकंदर साठवण सुमारे १०२ अब्ज घनफूट, म्हणजे ज्यास आपण बोलण्यात टीएमसी म्हणतो ते १०२ टीएमसी, आणि त्यापैकी उपयोगी साठा सुमारे ७६ टीएमसी. आता त्याच बागाइतदारास पुढे विचारावे की, पैठणास हे पाणी कोठून आले? तो म्हणेल, नाशिक-नगरच्या धरणांतून. आणि एवढे बोलून तो थोडा तापेलही. कारण वरच्या धरणांनी पाणी अडविले आणि खाली नाथसागर कोरडा राहिला, हे दुःख आपण वारंवार भोगले आहे. महाराष्ट्र जलसंपत्ती नियमन प्राधिकरणाने २०१४ साली समन्यायी वाटपाचा आदेश दिला, १५ ऑक्टोबर रोजी जायकवाडीचा उपयोगी साठा ६५ टक्क्यांहून कमी असल्यास वरून पाणी सोडावे असे त्यात ठरले, २०१६ साली मुंबई उच्च न्यायालयानेही या वाटपाचे तत्त्व उचलून धरले, आणि २०२३ च्या नोव्हेंबरात त्याच आधारावर वरच्या धरणांतून पाणी सोडावे लागले. हा इतिहास आपल्याकडील शेतकऱ्यांस तोंडपाठ आहे.

परंतु तिसरा प्रश्न सहसा कोणी विचारीत नाही. वरच्या धरणांत पाणी कोठून आले? पावसातून, असे उत्तर मिळेल; ते खरे आहे, पण अपुरे आहे. पाऊस डोंगरावर पडतो. डोंगरावरून तो धरणात कसा उतरतो, किती वेळाने उतरतो, आणि सोबत किती माती घेऊन उतरतो, हे त्या डोंगरावर काय उभे आहे यावर अवलंबून असते.

गोदावरी त्र्यंबकेश्वरी ब्रह्मगिरीवर उगम पावते हे सर्वश्रुत आहे. पण नाथसागराच्या फुगवट्याच्या तोंडाशी, प्रवरासंगम येथे, तिला आणखी एक नदी येऊन मिळते, तिच्याकडे आपले लक्ष कमी जाते. ती प्रवरा. प्रवरेचा उगम अकोले तालुक्यात रतनगडाच्या अंगाखाली आहे. तिच्यावर भंडारदरा येथे इंग्रजी अमदानीत १९१० साली धरणाचे काम सुरू होऊन ते १९२६ साली पुरे झाले. त्यात सुमारे ११ टीएमसी पाणी राहते. प्रवरेस मिळणारी मुळा नदी हरिश्चंद्रगडाच्या परिसरातून निघते, आणि तिच्यावर राहुरीजवळ सुमारे २६ टीएमसीचे धरण आहे. या दोन्ही नद्यांच्या माथ्यावरचा मुलूख, म्हणजे रतनगड, घाटघर, कळसूबाई आणि हरिश्चंद्रगड, हा १९८६ सालापासून कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्य म्हणून राखलेला आहे. त्याचा विस्तार सुमारे ३६२ चौरस किलोमीटर. वर्षाकाठी तेथे चार-पाच हजार मिलिमीटर पाऊस कोसळतो, आणि त्याच तालुक्यात पूर्वेस अकोले गावापर्यंत उतरावे तो पाऊस पाच-सहाशे मिलिमीटरवर येतो. आपल्या परभणीचे सरासरी मान सुमारे ९०० मिलिमीटरचे. सारांश, आपल्या कालव्यातील पाण्याचा एक वाटा एका राखीव रानाच्या माथ्यावरून निघालेला असतो. ही गोष्ट कोणी हिशेबात धरीत नाही म्हणून ती खोटी ठरत नाही.

येथे वर्षावन म्हणजे काय ते स्पष्ट करणे अवश्य आहे. जेथे पाऊस फार आणि हवा उष्ण-दमट, तेथे झाडे एकदम पान गाळीत नाहीत. जुने पान गळते तो नवे फुटलेले असते, आणि रान बारमाही हिरवे राहते. झाडांचे दोन-तीन मजले, त्यांवर वेली, बुंध्यांवर शेवाळ व आमरी, आणि तळाशी कुजलेल्या पाचोळ्याचा जाड थर, असा त्याचा थाट असतो. कोकणच्या माथ्यावर अंजनी, जांभूळ आणि पिसा ही त्याची मुख्य झाडे. कळसूबाई-हरिश्चंद्रगडाचे रान सर्वत्र असे आहे असे म्हटल्यास ते अतिशयोक्त होईल. तेथे उघडे कडे आहेत, कारवीची झुडपे आहेत, आणि खरे सदाहरित रान घळींतून व देवरायांतून तुकड्यातुकड्यांनी उरले आहे. महाराष्ट्रातील भरगच्च वर्षावने पाहावयाची तर दक्षिणेस कोयना, चांदोली व राधानगरीकडे जावे लागते. पण त्यांचे पाणी कृष्णेस जाते, आपल्याकडे येत नाही. आपल्या वाट्यास आलेले तुकडे लहान आहेत. म्हणूनच त्यांची किंमत आम्हास अधिक वाटते.

हे रान पाण्याचे करते काय? शेतकऱ्यास हे समजावून सांगण्यास फारसे सायास नकोत. उघड्या पडीत जमिनीवर वळवाचा पाऊस आपटला की वरची पापडी कशी बसते, पाणी आत न मुरता कसे पळते आणि बांधाच्या कोपऱ्यात गाळ कसा साचतो, हे आपण दरसाल पाहतो. आणि शेणखत भरपूर पडलेल्या वावरात तेच पाणी कसे शांतपणे जिरते तेही पाहतो. रान म्हणजे शेकडो वर्षे पाचोळ्याचे खत पडत आलेले, कधी नांगर न लागलेले वावर. थेंब प्रथम पानावर आपटतो, मग खालच्या पानावर, मग पाचोळ्यावर. जमिनीस पोहोचेपर्यंत त्याचा जोर मोडलेला असतो. मुळांच्या वाटांनी तो खाली उतरतो, खडकाच्या भेगांतून झिरपतो, आणि झऱ्याच्या रूपाने दिवाळीनंतरही वाहत राहतो. तेच रान तोडले की पाणी माती घेऊन धावते. डोंगराचे पोट सुटले तर काय होते हे आंबेगाव तालुक्यातील माळीण गावाने ३० जुलै २०१४ रोजी दाखविले. दीडशेहून अधिक माणसे त्या दरडीखाली गेली. त्या दुर्घटनेचे कारण एकटी वृक्षतोड असे आम्ही म्हणत नाही, परंतु उतारावरची माती कशाने धरून ठेवली जाते हे त्या दिवशी सर्वांस कळले.

येथे आम्हास एक सावधगिरीचा शब्द लिहिणे भाग आहे, कारण अरण्याच्या भक्तांकडून या विषयात पुष्कळ अतिशयोक्ती झालेली आहे. झाडे लावली की पाऊस येतो, हे वाक्य सभांतून फार ऐकू येते. मोसमी वारे समुद्रावरून येतात. त्यांस आपल्या झाडांची वाट पाहावी लागत नाही. शिवाय झाडे स्वतः पाणी पितात, आणि नाथसागर भरतो तो मुख्यत्वे जुलै-ऑगस्टच्या पुरांनी, हे कोणीही नाकारू नये. तथापि मुंबईच्या भारतीय तंत्रज्ञान संस्थेच्या संशोधकांनी २०१८ साली असे दाखविले की, पश्चिम घाटाच्या दाट रानांतून उठणारी वाफ पूर्वेस तामिळनाडूच्या पावसात भर घालते, आणि ओढीच्या वर्षी तिचा हिस्सा वाढतो. ही तामिळनाडूची गोष्ट आहे, ती जशीच्या तशी मराठवाड्यास चिकटविणे न्याय्य होणार नाही. आपल्या दृष्टीने रानाचा पक्का लाभ दोन बाबतींत आहे: पावसाळा संपल्यावर नदीत चालू राहणारा प्रवाह, आणि धरणात न येणारा गाळ. धरणाचे पोट एकदा गाळाने भरले की ते पुन्हा रिकामे करण्याचा खर्च सरकारासही पेलत नाही. आणि रब्बीच्या दोन आवर्तनांच्या जागी एकच मिळू लागले म्हणजे त्या गाळाचा हिशेब शेवटच्या चारीवरील शेतकऱ्यास चुकता करावा लागतो.

हा विचार नवा नाही, आणि तो प्रथम अमलात आणणारे लोकही निसर्गाचे वेडे नव्हते. ते उसाचे मळेवाले होते. वेस्ट इंडीज बेटांत टोबॅगो नावाचे एक लहान बेट आहे. १७६३ साली ते इंग्रजांकडे गेल्यावर तेथे उसाच्या लागणीसाठी जमिनीची विक्री सुरू झाली. त्या काळी इंग्लंडात स्टीफन हेल्स नावाच्या शास्त्रज्ञाने वनस्पती पानांवाटे किती पाणी हवेत टाकतात याचे प्रयोग केले होते. त्याच्या मतांचा परिणाम होऊन सोम जेनिन्स या पार्लमेंटच्या सभासदाने आग्रह धरला, आणि १३ एप्रिल १७७६ रोजी बेटाच्या मधल्या डोंगरकण्यावरील रान पावसाच्या रक्षणासाठी राखून ठेवल्याचा कायदा झाला. अमेरिकेच्या बाजूच्या गोलार्धात कायद्याने राखलेले हे सर्वांत जुने रान समजले जाते. त्याचे क्षेत्र सुमारे पावणेदहा हजार एकर, म्हणजे आपल्याकडील काही मोठ्या गावांच्या शिवारांएवढेच. पण अडीचशे वर्षांत त्यास कुऱ्हाडीपासून जपण्यात आले. १९६३ साली फ्लोरा नावाच्या वादळाने ते मोडून काढले, तरी जागा राखीव असल्याने ते पुन्हा उगवले. हेल्सचा सिद्धांत आजच्या शास्त्राच्या कसोटीवर जसाच्या तसा उतरतो असे नाही. पण ऊस लावणाऱ्या लोकांनी आपल्या उसासाठी रान राखले, ही गोष्ट आम्हास मोठी बोधप्रद वाटते.

दुसरे उदाहरण याहून बोलके आहे. ब्राझील देशातील रिओ दि जानेरो शहराच्या माथ्यावर तिजुका नावाचे डोंगर आहेत. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी तेथील वर्षावन तोडून मळेवाल्यांनी कॉफी लाविली. काही वर्षे उत्पन्न भरघोस आले. मग माती धुपली, मळे उतरणीस लागले, आणि ज्या ओढ्यांवर शहराची तहान भागत होती ते आटू लागले. १८४० च्या दशकात शहराने पाण्याची भयंकर टंचाई सोसली. शेवटी बादशहा दुसरा पेद्रो याच्या सरकारने मळे परत घेतले, आणि १८६१ पासून मेजर आर्चर नावाच्या अधिकाऱ्याने तेथे पुन्हा देशी झाडे लावण्यास आरंभ केला. त्याच्या हाताखाली आरंभी अवघे सहा गुलाम मजूर होते. तेरा वर्षांत सुमारे एक लाख रोपे लागली. १९६१ साली हा प्रदेश राष्ट्रीय उद्यान झाला, आणि आज त्या प्रचंड शहराच्या मध्यभागी घनदाट रान उभे आहे. हे वाचून कोणास वाटेल की, तोडलेले रान पुन्हा लावता येते, मग चिंता कशाची? परंतु त्यास शहराची वीस वर्षांची तहान लागली, बादशाही खजिना लागला, आणि ज्यांनी खड्डे खणले त्यांस मजुरीही मिळाली नाही. आपल्यापाशी यांतील काय आहे याचा वाचकांनीच विचार करावा.

जगातील विशाल राखीव रानांची नुसती नावे घेतली तरी पुरे. ब्राझीलमधील तुमुकुमाके उद्यान २००२ साली राखले गेले. ते सुमारे ३८ हजार चौरस किलोमीटरचे, म्हणजे परभणीसारखे सहा जिल्हे त्यात सामावतील. आफ्रिकेत कांगो देशातील सालोंगा १९७० सालचे, तीस हजार चौरस किलोमीटरहून मोठे, आणि तेथे जाण्याची मुख्य वाट नदीचीच. मलायातील तामान नगारा १९३८-३९ सालचे. ही राने एवढी अफाट आहेत की आपल्याशी त्यांची तुलना करण्यात अर्थ नाही. आपणांस जवळचे वाटावे असे लंकेतील सिंहराज रान. नऊ हजार हेक्टरांच्या आतले, भोवती दाट वस्ती, चहाचे मळे आणि भातशेती. १८७५ साली ते सरकारने राखले. १९७० नंतर प्लायवूडच्या कारखान्यासाठी तेथे तोड सुरू झाली. लोकांनी ओरड केली आणि ते दशक संपण्यापूर्वी तोड थांबली. १९८८ साली ते जागतिक वारसा ठरले. आपल्या देशात केरळातील सायलेंट व्हॅलीचे तसेच झाले. कुंतीपुळा नदीवर विजेसाठी धरण बांधावयाचे होते. अनेक वर्षांच्या वादानंतर तो बेत सोडून १९८४ साली त्या रानास राष्ट्रीय उद्यान करण्यात आले.

महाराष्ट्रातील राधानगरीचे उदाहरण मात्र थोडे थांबून पाहण्याजोगे आहे. राजर्षी शाहू महाराजांनी विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात भोगावती नदीवर धरणाचे काम हाती घेतले, आणि त्या धरणाच्या माथ्यावरचे दाजीपूरचे रान कोल्हापूर संस्थानाचे शिकारीचे रान म्हणून राखलेले होते. रान राखले ते गव्यांच्या शिकारीसाठी, पाण्यासाठी नव्हे, असे म्हणता येईल. आम्ही त्यास हरकत घेत नाही. पण परिणाम असा झाला की धरण आणि त्याच्या वरचे रान ही दोन्ही एकत्र जगली. १९५८ साली ते अभयारण्य झाले, महाराष्ट्रातील पहिले. पुढे २०१० साली कोयना व चांदोली मिळून सह्याद्री व्याघ्र प्रकल्प झाला, आणि २०१२ साली पश्चिम घाटातील ३९ ठिकाणे जागतिक वारशात गेली. त्यांत कास, कोयना, चांदोली व राधानगरी ही आपल्या राज्यातील चार. कळसूबाई-हरिश्चंद्रगड त्यांत नाही, हे ध्यानात असावे.

आणखी एक कारण आहे, आणि ते पाण्याचे नव्हे, बियाण्याचे आहे. परभणीच्या कृषी विद्यापीठाने १९८५ साली प्रसारित केलेली 'परभणी क्रांती' भेंडी कोणास ठाऊक नाही? तिच्यापूर्वी केवडा रोगाने भेंडीचे मळे पिवळे पडत. पुसा सावनी या जुन्या वाणाचा मॅनिहॉट नावाच्या भेंडीच्या रानटी भाऊबंदाशी संकर करून, त्या रानटी जातीतील रोग सोसण्याचा गुण या वाणात उतरविण्यात आला, आणि आपल्या गावाचे नाव भेंडीबरोबर देशभर गेले. पुढे काही वर्षांनी ती प्रतिकारशक्तीही उणावली. रोग थांबून राहत नाहीत. तेव्हा नवा गुण शोधावयास पुन्हा रानटी जातींकडेच जावे लागते. केळीचीही हीच कथा. दक्षिण व मध्य अमेरिकेतील ग्रो मिशेल ही केळी मर रोगाने १९५० च्या दशकात मोडीत निघाली. तिच्या जागी आलेल्या जातीवर आता त्याच रोगाचा नवा प्रकार उठला आहे, आणि तो बिहार व उत्तर प्रदेशापर्यंत पोहोचला आहे. केळीचे रानटी पूर्वज आसामपासून न्यू गिनीपर्यंतच्या दमट रानांत उगवतात. ते रान गेले तर प्रयोगशाळेत काय घेऊन बसावयाचे? आपल्याकडे आणि शेजारच्या नांदेड-हिंगोलीकडे केळी लावणाऱ्यांनी तरी ही राने म्हणजे परक्या देशांतील शोभेची स्थळे समजू नयेत.

आता आम्ही या लेखाच्या अवघड भागाकडे वळतो. रान राखले असे सरकारी कागदात लिहिले की काम संपले असे नाही. त्या रानात माणसे राहतात. अकोल्याच्या डोंगरात महादेव कोळी व ठाकर समाजाची गावे आहेत. ते आपल्यासारखेच शेतकरी आहेत. फरक इतकाच की त्यांचे वावर उतारावर असते आणि पीक भाताचे, नागलीचे, वरईचे. भाताची रोपे टाकण्यापूर्वी वाफ्यावर फांद्या, पाचोळा व शेण पसरून ते जाळतात, त्यास राब म्हणतात. राबासाठी दरसाल झाडांच्या फांद्या छाटाव्या लागतात. हिरडा गोळा करून विकणे हे त्यांपैकी पुष्कळांचे रोख पैशाचे साधन. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने अभयारण्यातील चराई, तोड व गोळा करणे यांवर बंधने आली. २००६ च्या वनहक्क कायद्याने काही हक्क परत मान्य झाले, परंतु कागदावरचा हक्क शिवारात उतरावयास वर्षे जातात. रानडुक्कर भात लोळवून जाते, आणि पंचनामा होऊन भरपाई येईपर्यंत पुढील हंगाम उभा राहतो. कोयना-चांदोलीकडे तर गावेच्या गावे उठवावी लागली. त्यांनी आधी धरणासाठी जमीन दिली, आणि पुढे वाघासाठी गाव सोडले. पश्चिम घाटाच्या रक्षणासाठी माधव गाडगीळ यांच्या समितीने २०११ साली आणि कस्तुरीरंगन यांच्या समितीने २०१३ साली अहवाल दिले. त्यांवर २०२४ च्या जुलैपर्यंत केंद्र सरकारने अधिसूचनेचे सहा मसुदे काढले. सहा वेळा मसुदा काढावा लागतो याचा अर्थ डोंगरातील लोकांचा या गोष्टीवर विश्वास बसलेला नाही, असा आम्ही करतो. आणि त्यांचा अविश्वास अनाठायी आहे असे आम्हास वाटत नाही.

कारण व्यवहार सरळ एकतर्फी आहे. फांदी न छाटण्याचा तोटा रतनवाडीच्या शेतकऱ्याने सोसावयाचा, आणि गाळ न आलेल्या धरणाचा नफा खालच्या प्रत्येकाने घ्यावयाचा. उन्हाळा संपता संपता काजवे पाहावयास हजारो मोटारी भंडारदऱ्यास जातात, दिव्यांच्या झोताने त्या काजव्यांनाच हैराण करतात, आणि परतताना कचरा टाकून येतात. त्यातून डोंगरातील काही घरांस चार पैसे मिळतात हे खरे, पण हा काही रानाचा मोबदला नव्हे.

मध्य अमेरिकेतील कोस्टारिका या लहान देशाने यावर एक व्यवहारी तोड काढली. तेथे मांसाच्या व्यापारासाठी रान तोडून गुरांची कुरणे करण्याचा सपाटा चालू होता. १९९६ साली त्यांनी कायदा केला की, जो जमीनमालक आपले रान उभे ठेवील किंवा नवे लावील त्यास सरकारने दरसाल पैसा द्यावा, आणि तो पैसा मुख्यत्वे पेट्रोल-डिझेलवरील करातून उभा करावा. आज त्या देशाच्या निम्म्याहून अधिक भूमीवर पुन्हा झाडी आहे. त्याच देशात एरेदिया या शहराच्या पाणीपुरवठा संस्थेने २००० सालापासून ग्राहकांच्या पाण्याच्या बिलात एक लहानशी रक्कम वाढवून ती वरच्या डोंगरातील रान राखणाऱ्या जमीनमालकांस देण्याची व्यवस्था केली. नळाखाली भांडे धरणारा माणूस आणि डोंगरात झाड राखणारा माणूस यांचा थेट व्यवहार जमला.

असा व्यवहार गोदावरीच्या खोऱ्यात का जमू नये? कोणी म्हणेल, आम्ही पाणीपट्टी भरतो, पुढचे सरकारने पाहावे. त्यास आमचे उत्तर असे की, पाणीपट्टीतून कालव्याची डागडुजीही धड होत नाही हे आपणच तक्रारीत लिहितो. तिच्यातून डोंगराची डागडुजी आपोआप होईल ही अपेक्षा फोल आहे. दुसरा म्हणेल, नाशिक-नगरच्या बागाइतदारांनी आधी द्यावे, ते वर आहेत आणि अधिक पाणी घेतात. हे म्हणणे न्यायाचे आहे, आणि त्यांच्याकडूनही घ्यावे. परंतु आजपर्यंत आपण त्यांच्याशी केवळ भांडणाच्या मंचावर भेटलो. त्यांच्या धरणांचा आणि आपल्या धरणाचा माथा काही अंशी एकच आहे, आणि तो राखण्यात दोघांचाही स्वार्थ आहे. हिश्शासाठी न्यायालयात उभे राहणारे दोन भाऊ विहीर ढासळू लागली म्हणजे तरी एकत्र दगड रचतात. तिसरा म्हणेल, आमच्यापाशी द्यावयास आहे काय? सोयाबीनचा भाव पडलेला, कपाशीवर गुलाबी बोंडअळी. ही अडचण खोटी नाही. म्हणूनच आम्ही नवा कर सुचवीत नाही. आज जी पाणीपट्टी गोळा होते तिच्यातूनच हेक्टरामागे अगदी थोडा भाग बाजूस काढावा एवढेच आमचे म्हणणे आहे. २००५ च्या कायद्याने कालव्यांवर पाणीवापर संस्था स्थापन झाल्या आहेत. पुष्कळ कागदावर, थोड्या जिवंत. जिवंत संस्थांनी हा ठराव करण्यास आज कायद्याचा अडथळा दिसत नाही.

तो पैसा कशावर लागावा याविषयीही आमचे मत ठाम आहे. फलक, कमानी आणि पाहुण्यांची विश्रामगृहे यांवर तो जाऊ नये. राबाशिवाय रोपे करण्याच्या रीती शिकविणे, गादीवाफ्यासाठी शेणखत पुरविणे, उतारावरील वावरांस दगडी ताली घालणे, डुकरांपासून भात वाचविण्यासाठी सामाईक कुंपण, आणि फेब्रुवारी ते मे या वणव्याच्या दिवसांत जाळरेषा राखण्यासाठी त्याच गावच्या तरुणांस रोजंदारी, एवढी कामे आधी व्हावीत. यांतील प्रत्येक काम शेतकऱ्यास कळणारे आहे आणि त्याचे मोजमाप घेता येते.

पावसाळ्यानंतर रब्बीच्या आवर्तनांचा विचार करण्यासाठी कालवा सल्लागार समितीची बैठक भरते. तिला जाणाऱ्या आपल्या प्रतिनिधींनी हा विषय तोंडी न मांडता लेखी द्यावा, आणि त्याबरोबर भंडारदरा, मुळा व जायकवाडी या तिन्ही धरणांतील गाळाचे शेवटचे मोजमाप कोणत्या वर्षी झाले व ते काय निघाले, याची लेखी मागणी करावी. उत्तर आल्यास आम्ही ते या मासिकातून वाचकांपुढे ठेवू. आणि न आल्यास तेही ठेवू.